अठरा डब्यांची पाटी

आमच्या घरातल्या कॉम्प्युटरमध्ये एक स्टेशन आहे. दोन प्लॅटफॉर्म, गाडी बाजूला घ्यायची एक लूप लाइन, एक पादचारी पूल, पाण्याची टाकी आणि टाकीमागे गव्हाचं शेत. गहू बारा महिने पिकलेलाच असतो. हे स्टेशन कुठल्याही नकाशावर नाही. रेल्वेचा शौक असलेल्या कुणा अनोळखी माणसाने घरी बसून ते बनवलं आणि ज्याला हवं त्याने घ्यावं म्हणून इंटरनेटवर ठेवून दिलं. मागच्या हिवाळ्यातल्या माझ्या बहुतेक संध्याकाळी या स्टेशनात गेल्या.

मी लोको पायलट होतो. ‘होतो’ असं लिहायला आता जमतं, तेव्हा जमत नव्हतं. आमच्या घरात कुणी लोको पायलट म्हणत नाही, ड्रायव्हर म्हणतात. आधी मालगाड्या, मग पॅसेंजर, शेवटी एक्स्प्रेस, अशी सत्तावीस वर्षं झाली. जबलपूरच्या मराठी घरांतून शिक्षक निघतात, वकील निघतात, बँकेतले निघतात. ड्रायव्हर निघालेला मी आमच्या नात्यात एकटाच. लग्नाच्या वेळी सासऱ्यांनी दोनदा विचारलं होतं की इंजिनातच बसायचं की पुढे ऑफिसात बढती आहे. मी म्हणालो, इंजिनातच. तरी त्यांनी मुलगी दिली.

ठरावीक काळाने आमची वैद्यकीय तपासणी होते. मागच्या पावसाळ्यातल्या तपासणीत माझ्या डोळ्यांच्या आतला दाब वाढलेला निघाला. काचबिंदू. इकडे सगळे काला मोतिया म्हणतात. सध्या अनफिट, रोज थेंब टाका, काही महिन्यांनी पुन्हा तपासू, असं लिहून मला क्रू लॉबीत टेबलावर बसवलं. लॉबी म्हणजे ड्रायव्हर आणि गार्ड ड्युटीवर जाताना जिथे हजेरी लावतात ती खोली. पूर्वी मी टेबलाच्या अलीकडे उभा राहून सही करायचो, आता पलीकडे बसून इतरांच्या सह्या घेऊ लागलो. बॅग खांद्याला लावून जाणारा प्रत्येक जण विचारायचा, “कब आ रहे हो, दादा?” मी म्हणायचो, फेरतपासणी होऊ दे. हिशोब सरळ होता. फेरतपासणीत पास झालो तर इंजिन, नाहीतर निवृत्तीपर्यंत हे टेबल. मधलं काही नव्हतं.

मला खात्री होती की मी पास होणार. ही काही उगाच बाळगलेली आशा नव्हती. मला सगळं दिसत होतं. पेपर वाचत होतो, भिंतीवरच्या कॅलेंडरमधली बारीक तिथीसुद्धा वाचत होतो. डॉक्टरांच्या मशिनीत काहीतरी कमी दिसलं असेल, पण मला स्वतःला काहीच कमी वाटत नव्हतं.

दिवाळीत मुलगा पुण्याहून आला तेव्हा त्याने घरच्या कॉम्प्युटरवर गाडी चालवायचं सिम्युलेटर टाकून दिलं. पडद्यावर इंजिनाची केबिन, समोर रूळ, हाताशी ब्रेक.

“लो बाबा, घर बैठे गाडी चलाओ,” तो म्हणाला. त्याला मराठी सगळी कळते, बोलताना अर्धी हिंदी येतेच.

बायको स्वयंपाकघरातून म्हणाली, “झालं! म्हणजे आता जेवायला बोलवायला मी सिग्नल पाडू काय?”

“आई, तू असिस्टंट हो ना बाबांची. सिग्नल ओरडायचा.”

“ओरडतेच आहे मी सव्वीस वर्षांपासून. कोणी ऐकून राहिलंय का?”

खरं तर ते ओरडणंच मला सर्वांत जास्त आठवायचं. इंजिनात दोघं असतात. सिग्नल दिसला की असिस्टंट हात उंचावून त्याचा रंग मोठ्याने सांगतो, मग ड्रायव्हर तोच रंग मोठ्याने परत सांगतो. एकाची चूक दुसऱ्याने पकडावी म्हणून ही पद्धत. घरात खुर्चीवर एकटा बसलो तरी माझा हात आपोआप वर जायचा आणि तोंडातून ‘डबल यलो’ निघायचं. बायको आतून पोळी लाटता लाटता उत्तर द्यायची, “हो हो, डबल यलो. आता हात धुऊन घ्या.”

पहिल्या आठवड्यात मी गाडी चालवली आणि दोनदा लाल सिग्नल ओलांडला.

खऱ्या नोकरीत असं माझ्याकडून एकदाही झालं नाही. झालं असतं तर तिथेच माझी नोकरी संपली असती. पडद्यावर मात्र नुसतं एक वाक्य उमटलं आणि खेळ थांबला. मी मनाशी म्हणालो, दोन फुटांवरच्या काचेतला ठिपका आणि किलोमीटरभर अंतरावर जळणारा खरा दिवा यांत फरक असतो. डोळा लांब बघायला तयार झालेला आहे, इतक्या जवळच्या चित्राची त्याला सवय नाही. हे कारण मला पटलं. पटलं नसतं तर मी आणखी खोलात गेलो असतो, कारण अर्धवट पटलेल्या गोष्टीवर मला झोप येत नाही.

तिसऱ्यांदा सिग्नल ओलांडण्यापेक्षा मी चालवणंच सोडलं. माझी मालगाडी त्या स्टेशनाच्या लूप लाइनवर नेऊन उभी केली आणि केबिनमध्ये बसून बाजूच्या मेन लाइनवरून येणाऱ्या-जाणाऱ्या गाड्या बघू लागलो. मालगाडीच्या ड्रायव्हरचं अर्धं आयुष्य असंच जातं, त्यामुळे त्यात मला काही वेगळं वाटलं नाही.

या बाकीच्या गाड्या कॉम्प्युटर स्वतः चालवतो. वेळापत्रकाप्रमाणे येतात, थांबतात, निघतात. त्यांच्या इंजिनात कोणी नाही. पहिल्यांदा मला त्यांची कीव आली, मग थोडा रागही आला, कारण ब्रेक लावायला त्या चांगल्या होत्या. गाडी प्लॅटफॉर्मवर नेमकी कुठे उभी राहते यावरून ड्रायव्हर ओळखू येतो. सिहोऱ्याच्या पुढे एक छोटं स्टेशन आहे. तिथे चार डबे अलीकडे थांबलात तर मागच्या डब्यातल्या बायकांना डोक्यावरच्या गाठोड्यांसह खडीवर उतरावं लागतं. त्या ड्रायव्हरला दिसत नाहीत, पण त्यांनी दिलेल्या शिव्या गार्डला ऐकू येतात आणि गार्ड त्या पुढच्या स्टेशनवर ड्रायव्हरपर्यंत पोचवतो. प्लॅटफॉर्मवर म्हणूनच पाट्या असतात. इतक्या डब्यांच्या गाडीचं इंजिन इथे थांबवा. मी पाटीच्या पुढे कधी गेलो नाही. मागेही राहिलो नाही.

कॉम्प्युटरच्या गाडीला ही जागा कशी कळते, हे मी मुलाला फोनवर विचारलं. त्याने दोन दिवसांनी शोधून सांगितलं. प्रत्येक स्टेशनाची एक साधी मजकुराची फाइल असते. त्यात प्लॅटफॉर्मची लांबी लिहिलेली असते. बनवणाऱ्याने दुसरं काही सांगितलं नाही, तर कॉम्प्युटर प्लॅटफॉर्मची लांबी आणि गाडीची लांबी मोजून गाडी बरोबर मधोमध उभी करतो. पण त्या फाइलमध्ये एक आकडा घालता येतो. प्लॅटफॉर्मच्या सुरुवातीपासून इतक्या मीटरवर इंजिनाचं तोंड आलं पाहिजे. तो आकडा घातला की गाडी तिथेच थांबते. उद्या आकडा बदलला तर उद्यापासून नवीन जागी. धुकं असो, पाऊस असो, गाडीत माणसं कितीही असोत, ती त्या मीटरवरच थांबणार.

मला हे फार आवडलं. इंजिनात हाताने आणि अंदाजाने करायची गोष्ट इथे एका आकड्यात मावत होती, आणि आकडे माझ्या भरवशाचे आहेत.

आमच्या स्टेशनाचा प्लॅटफॉर्म सहाशे वीस मीटरचा. रोज संध्याकाळी येणारी एक्स्प्रेस अठरा डब्यांची. तिच्यासाठी आकडा लिहिलेला होता चारशे सत्तर. मी लूप लाइनवरून बघत होतो. गाडी यायची, छान मंद व्हायची आणि प्लॅटफॉर्मच्या शेवटाला असलेल्या पाटीच्या पाच-सहा डबे अलीकडेच उभी राहायची. रोज. पाटी तिकडे आणि गाडी इकडे. पाटीवरचा आकडा चित्रात पुसट होता, पण मला दिसत होती तेवढी एकच पाटी, तेव्हा गाडीने तिथेच जायला हवं. बनवणाऱ्याकडून चूक झाली होती हे उघड होतं. शौकीन माणूस, इंजिनात कधी बसला नसेल, मोजताना गडबडला असेल.

मी पाटीचं अंतर काढलं. चारशे सत्तर खोडून सहाशे दहा लिहिलं. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी गाडी आली आणि नेमकी शेवटच्या पाटीशी थांबली. मला इतका आनंद झाला की मी बायकोला हाक मारून दाखवलं.

“बघ. आता बरोबर.”

येता-जाता तिनेही ती गाडी रोज पाहिली होती. आता ती मटार सोलत होती. ताट घेऊन माझ्या शेजारी येऊन बसली, पडद्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. “अच्छा,” म्हणाली.

त्या रविवारी मुलाला सांगितलं. तो म्हणाला, “बाबा, मैं उसको लिख देता हूँ. तिथे त्याचा पत्ता आहे.” त्याने लिहिलं की माझे वडील खरे लोको पायलट आहेत, सत्तावीस वर्षांचा अनुभव आहे, आणि त्यांना तुमच्या स्टेशनात ही चूक सापडली आहे. चार दिवसांत उत्तर आलं. त्या माणसाने खूप आभार मानले होते. मी फोटो पाहून पाट्या लावल्या, प्रत्यक्षातलं मला काय कळणार, साहेब सांगतात तेच बरोबर असणार, असं लिहून त्याने आपल्या मूळ फाइलमध्येच सहाशे दहा करून टाकलं. आता ज्यांच्या ज्यांच्याकडे ते स्टेशन होतं, त्या सगळ्यांकडे गाडी मी सांगितलेल्या जागी थांबणार होती.

लॉबीत त्या दिवशी मी दोघातिघांना हे सांगितलं. एक जण म्हणाला, “दादा, लौटोगे तो हमारी भी गाडी ऐसे ही सेट कर देना.” सगळे हसले. मीही हसलो. फेरतपासणी जवळ आली होती आणि आपण अजून कामाचे आहोत असं कितीतरी दिवसांनी वाटत होतं.

दोनेक आठवडे असे गेले असतील. बायकोला आता संध्याकाळी माझ्या शेजारी बसायची सवय झाली होती. ती भाजी निवडायची, गाड्या बघायची. त्या प्लॅटफॉर्मवर चितारलेली माणसं आहेत, बाहुल्यांसारखी, जागची हलत नाहीत. गाडी आली की तिच्याआड जातात, गाडी गेली की तिथेच असतात. त्यांतली लाल पेटीवाली एक बाई बायकोच्या ओळखीची झाली होती.

एका संध्याकाळी एक्स्प्रेस थांबली आणि बायको म्हणाली, “बिचारी. आजही राहून गेली.”

“कोण?”

“ती पेटीवाली. आधी इंजिनाचं तोंड तिच्याजवळ येऊन थांबायचं. पहिला डबा तिच्या जवळ असायचा. आता सगळी गाडी पुढे जाऊन राहिली, आणि तिच्यापुढे कुठलातरी मधलाच डबा.”

“आधी चुकीच्या जागी थांबत होती. आता पाटीजवळ थांबते.”

“आधी पण पाटीजवळच थांबत होती न.”

“पाटी त्या टोकाला आहे.”

“ती दुसरी. ही पहिली.” तिने हातातली शेंग ताटात टाकली. “पेटीवालीच्या बाजूला. पिवळी. त्यावर अठरा लिहिलंय. शेवटच्या पाटीवर चोवीस आहे. मला वाटलं, तुम्हाला चोवीसवाल्या पाटीजवळच पाहिजे असेल. तुमच्या हिशोबात मी काहून बोलू?”

मी गाडी निघून जाऊ दिली. प्लॅटफॉर्म मोकळा झाल्यावर पाहिलं. टोकाची पाटी होती. लाल पेटीवाली कुठेच नव्हती.

“बोट ठेव,” मी म्हणालो.

“कशावर?”

“पहिल्या पाटीवर.”

मी टोकाच्या पाटीकडे बघत बसलो. रूळ जिथे एक होतात त्या बाजूला. सत्तावीस वर्षं माझे डोळे तिथेच लागलेले असायचे. “ठेवलंस?”

“कधीचं ठेवलंय.”

मला तिच्या बांगड्या दिसत होत्या. मनगट दिसत होतं. मनगटाच्या पुढे प्लॅटफॉर्मची करडी फरशी होती, स्वच्छ, सलग. तिथे बोट नव्हतं.

मग मी मान वळवून सरळ तिच्या हाताकडे पाहिलं, आणि बोट आलं. बोटाखाली पिवळी पाटी. पाटीवर अठरा. शेजारी लाल पेटी घेतलेली बाई. पुन्हा टोकाकडे पाहिलं, सगळं गेलं.

इथे काळा डाग असता तर मी ओळखला असता. डाग नव्हताच. डोळ्याला जिथे दिसत नव्हतं तिथे त्याने आजूबाजूचा करडा रंग भरून टाकला होता, घरमालक भिंतीची भेग चुन्याने भरतो तसा. मला कमी दिसत होतं आणि कमी दिसतंय हे दिसत नव्हतं.

मी तिला म्हणालो, तुझ्या टिकल्यांचं पाकीट आण. ती घेऊन आली. मी नजर टोकाच्या पाटीवर ठेवली आणि तिला बोट हळूहळू सरकवायला सांगितलं. बोट नाहीसं झालं की मी ‘गेलं’ म्हणायचो, दिसू लागलं की ‘आलं’. त्या त्या जागी ती काचेवर एक टिकली चिकटवायची. हे काम आम्ही नीट केलं. घाईने केलं नाही. दोनदा मला शंका आली तिथे पुन्हा मोजलं. शेवटी मी मान मोकळी करून पाहिलं तर पडद्यावर मरून रंगाच्या टिकल्यांचं एक वाकडं कुंपण तयार झालं होतं, मोठ्या घेवड्याच्या दाण्यासारखं. अठराची पाटी त्याच्या आत होती. पेटीवाली बाई आत होती. आणि रुळांच्या कडेला जिथे मेन लाइनचा सिग्नल उभा होता, तोही आत होता.

बायकोने ते पाहिलं. तिला सिग्नलचं कळलं की नाही मला माहीत नाही. ती म्हणाली, “मोठा स्क्रीन आणला तर?”

“मोठा आणला तर हे पण मोठं होईल.”

तिने मटाराचं ताट उचललं आणि आत गेली. त्या संध्याकाळी तिने मटाराची उसळ केलीच नाही. नुसता वरण-भात झाला.

मी मुलाला फोन केला.

“त्या माणसाला लिही. चारशे सत्तरच बरोबर होतं.”

“काहून? तुम्हीच तर बोलले होते…”

“मला पाटी दिसली नव्हती.”

“ब्राइटनेस कम होगी, बाबा. सेटिंग में जाऊन…”

“ब्राइटनेस नाही. पाटी तिथे आहे. तुझ्या आईला दिसते. मला नाही दिसत.”

त्याच्या मागे पुण्यातली रहदारी ऐकू येत होती. मग म्हणाला, “मैं लिख देता हूँ कि कुछ गडबड हो गई थी.”

“गडबड लिहू नको. डोळ्यांचं लिही. त्याची काही चूक नव्हती, हे त्याला कळलं पाहिजे.”

“इतना सब लिखना ज़रूरी है क्या?”

“हो.”

त्याने लिहिलं. त्या माणसाचं सभ्य उत्तर आलं, तब्येतीची काळजी घ्या, आकडा पूर्ववत करतो. पण मधल्या दिवसांत ज्यांनी ते स्टेशन उतरवून घेतलं त्यांना कोण सांगणार? त्यांच्या घरी ती गाडी आजही अठराची पाटी सोडून पुढे जात असणार. असे किती जण असतील हे मला कधीच कळणार नाही, आणि न कळणारा आकडा मला फार त्रास देतो.

फेरतपासणीला जावं की जाऊ नये, यावर मी विचार केला नाही असं नाही. न जाण्यात निदान ‘नापास’ हा शब्द टळला असता. पण बोलावणं आलं होतं आणि बोलावल्यावर जायचं असतं. बायको म्हणाली, मी पण येते.

त्या तपासणीत एका पांढऱ्या वाटीसारख्या मशिनीत हनुवटी टेकवून बसवतात. एक डोळा झाकतात. मधल्या ठिपक्याकडे बघत राहायचं. आजूबाजूला कुठेतरी बारीक उजेड चमकतो. दिसला की हातातलं बटण दाबायचं. मागच्या वेळी मी हे कसंतरी उरकलं होतं. या वेळी मला माहीत होतं की काही उजेड असे येणार जे मला दिसणार नाहीत. उजेड साधारण एका लयीत येतात. एक, थोडं थांबून दुसरा, थोडं थांबून तिसरा. ज्याने आयुष्यभर रुळांच्या जोडांचे ठोके ऐकून गाडीचा वेग ओळखला, त्याला ती लय पकडायला काही कठीण नाही. न दिसलेल्या उजेडालाही मी बटण दाबू शकलो असतो. मशिनीला असल्या गोष्टी कळतात असं म्हणतात, कदाचित नसतीलही कळत. माझं बोट बटणावर होतं. मध्ये मध्ये खूप वेळ काहीच येत नव्हतं, म्हणजे येत होतं, आणि मी बसून होतो. मला दिसला तेवढाच दाबला. इंजिनामागे बाराशे माणसं बसलेली असतात; न दिसता असं बटण दाबणाऱ्या ड्रायव्हरच्या गाडीत मी माझ्या बायकोला बसवलं नसतं.

डॉक्टर तरुण होते, बोलायला चांगले. कागद समोर ठेवला. दोन गोल, त्यांत काळे पट्टे. आकार माझ्या ओळखीचा होता.

“पिछली बार से बढ़ा है,” ते म्हणाले.

बायको म्हणाली, “ड्रॉप तर रोज टाकले, डॉक्टर साहब. एक दिन नहीं छोड़ा. मैंने खुद डाले हैं.”

“इसीलिए इतना बचा है, आंटी जी. ड्रॉप रोकता है, लौटाता नहीं.”

“तो इंजन?” मी विचारलं. उत्तर माहीत असूनही विचारलं.

त्यांनी मान हलवली. “बोर्ड को मैं यही लिखूँगा. अब परमानेंट.” मग कागद परत घेता घेता म्हणाले, “आए कैसे हैं?”

“स्कूटर से.”

“चलाया किसने?”

“मैंने.”

त्यांनी पेन खाली ठेवलं. “अंकल, स्कूटर भी नहीं. आज से नहीं.”

बाहेर स्टँडवर आमची स्कूटर उभी होती. बायकोला चालवता येत नाही. तिला शिकवायचं दर वर्षी ठरायचं आणि मी ड्युटीवर असायचो. आम्ही दोघं स्कूटरच्या दोन बाजूंना उभे राहिलो. स्टँडवाला म्हणाला, ठेवून जा, संध्याकाळी कोणाला तरी पाठवा. कोणाला पाठवणार? मुलगा पुण्यात. लॉबीतल्या कोणाला फोन केला असता तर सगळ्या लॉबीला कळलं असतं. कळणारच होतं, पण निदान स्कूटरवरून कळायला नको.

मी स्टँड काढला आणि स्कूटर हाताने ढकलत निघालो. आमचं घर विजय नगरात, तिथून बरंच लांब आहे. बायको रस्त्याच्या बाजूने चालत होती, पदर कमरेला खोचून, एक हात मागच्या सीटवर. तो हात ढकलायला होता की सावरायला, मला कळत नव्हतं. दुपारची वेळ होती. रहदारी फार नव्हती. तरी उजव्या बाजूने एखादी गाडी अचानक, कुठूनही न येता, एकदम माझ्या शेजारी उभी राहायची आणि पुढे निघून जायची. इतकी वर्षं त्या अशाच येत असणार, नाहीतर निदान काही महिने. मला जाणवलंच नव्हतं.

चढावर आम्ही थांबलो. मी घामाघूम झालो होतो. मोटरसायकलवरचा एक पोरगा वेग कमी करत जवळ आला.

“पेट्रोल खतम हो गया क्या, अंकल?”

मी काही बोलायच्या आत बायको म्हणाली, “हाँ भैया, खतम.”

“तो बैठ जाओ न अंकल. मैं पीछे से पैर लगाता हूँ, पंप तक छोड़ दूँगा. आप बस हैंडल सँभालना.”

“नहीं भैया, रहने दो,” ती म्हणाली. “घर पास ही है.”

घर जवळ नव्हतं. पोरगा गेला. तिने पदर पुन्हा खोचला, सीटवरचा हात हँडलजवळ आणला, आणि आम्ही चढ चढू लागलो.